आखातात नोकरीस जाणाऱ्यांनी बँक कशी निवडावी?

परमुलखातील बँकेत पैसा ठेवणे म्हणजे तो त्या मुलखाच्या कायद्याच्या स्वाधीन करणे होय. हा धडा गोमंतकीयांनी एकदा घरबसल्याच घेतलेला आहे. बांको नासियोनाल उल्त्रामारीनो ही पोर्तुगीज बँक १८६८ साली पणजीत सुरू झाली. अडीअडचणीच्या वेळी घरातील सोन्याचे दागिने या बँकेत गहाण ठेवून कर्ज काढण्याची रीत पुढे रूढ झाली. १९६१ साली गोवा मुक्त होण्यापूर्वी हे दागिने लिस्बन येथे हलविण्यात आले. दागिन्यांचे धनी येथे आणि दागिने सातासमुद्रापार, अशी स्थिती तब्बल तीस वर्षे राहिली. ते परत येण्यास १९९१ साल उजाडावे लागले.

आज परिस्थिती उलट आहे. त्या काळी परदेशी बँक आपल्या दारी आली होती. आज आपली माणसे परदेशी बँकेच्या दारी जात आहेत. गोवा व कोकणपट्टी, बेळगाव, हैदराबाद अशा अनेक ठिकाणांहून नोकरीनिमित्त आखातात गेलेल्यांच्या मिळकतीवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. नोकरीचे करारपत्र, विमानाचे तिकीट, राहण्याची सोय यांची चौकशी प्रत्येक जण करतो. मिळालेला पगार ज्या बँकेत जमा व्हावयाचा तिची चौकशी मात्र क्वचितच होते. प्रत्येक आखाती देशाचे नियम वेगळे असल्यामुळे प्रस्तुत लेखात संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा इत्यादी सात अमिरातींच्या संघराज्याचा, विचार केला आहे.

बँकांचे प्रकार

आखातातील या भागात १९६६ पर्यंत भारतीय रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेले रुपये चलनात होते. १९७३ साली अमिरातीचा स्वतःचा दिरहम आला व १९८० साली मध्यवर्ती बँकेची स्थापना झाली. देशातील सर्वसामान्य बँकांना परवाना देणे व त्यांच्यावर देखरेख ठेवणे हे काम ही मध्यवर्ती बँक करते.

या बँका ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार स्थानिक बँकांचा. त्यांच्या शाखा व पैसे काढण्याची यंत्रे सर्वत्र असतात. दुसरा प्रकार इस्लामी बँकांचा. दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून या पद्धतीने काम करीत आहे. या बँका व्याज देत नाहीत व घेत नाहीत; ठेवीवर व्याजाऐवजी नफ्यातील वाटा मिळतो, आणि कर्जाऐवजी बँक वस्तू विकत घेऊन ती ठरलेल्या नफ्याने हप्त्यांवर विकते. कोणत्याही धर्माच्या माणसास तेथे खाते उघडता येते. मात्र व्याज नाही म्हणजे खर्चही नाही, असा समज करून घेऊ नये. तिसरा प्रकार परदेशी बँकांच्या शाखांचा. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने १९०८ साली वडोदऱ्यात स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा १९७४ पासून दुबईत काम करीत आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही भारतीय बँकांची अमिरातीत केवळ प्रतिनिधी कार्यालये आहेत. भारतातील खात्यांविषयी माहिती देणे व मदत करणे एवढेच त्यांचे काम असते; तेथे ठेव स्वीकारली जात नाही व पगारही जमा होत नाही. पाटीवरील ओळखीचे नाव पाहून निर्णय घेण्यापूर्वी ती शाखा आहे की कार्यालय, हे विचारून घ्यावे.

पगार कोठे जमा होतो?

अमिरातीत २००९ पासून वेतन संरक्षण पद्धती अमलात आहे. तीअन्वये मालकाने नोंदणीकृत कामगारांचे वेतन मान्यताप्राप्त बँक, विनिमयगृह किंवा तत्सम संस्थेमार्फतच द्यावयाचे असते. वेतन दिले गेले किंवा नाही याची नोंद त्यामुळे सरकारदरबारी राहते. वेतन थकल्यास हीच नोंद कामगाराचा पुरावा ठरते. म्हणून पगार रोख देतो, खात्याची कटकट नको, असे सांगणाऱ्या मालकापासून सावध राहावे.

पुष्कळ कंपन्यांचा एखाद्या बँकेशी करार असतो आणि कामगारास तेथेच खाते उघडून दिले जाते. कमी वेतनाच्या कामगारांना बहुधा केवळ वेतनाचे कार्ड मिळते. या कार्डाने पैसे काढता येतात, परंतु चेकबुक, बचतीवरील व्याज इत्यादी पूर्ण खात्याच्या सोयी त्यात नसतात. मालकाने दाखविलेली बँक ही पगार येण्याची जागा आहे. बचतीची जागाही तीच असली पाहिजे असे नाही. निवास परवाना व अमिरातीचे ओळखपत्र हाती आल्यावर दुसऱ्या बँकेत खाते उघडता येते. त्यासाठी पासपोर्ट, निवास परवाना, ओळखपत्र व मालकाचा वेतन दाखला ही कागदपत्रे सामान्यतः मागितली जातात.

खाते उघडताना आपला आयबॅन क्रमांक लिहून घ्यावा. अमिरातीत हा क्रमांक २३ अक्षरांचा असून त्याचा आरंभ एई या अक्षरांनी होतो. भारतात आयबॅन नाही. येथे खाते क्रमांकासोबत शाखेचा ११ अक्षरांचा आयएफएससी क्रमांक द्यावा लागतो. या दोहोंत घोटाळा झाल्यास रक्कम अडकून पडते.

विचारावयाचे प्रश्न

बँक निवडताना इमारतीच्या भव्यतेपेक्षा शुल्कपत्रक पाहणे श्रेयस्कर. पहिला प्रश्न किमान शिल्लकेचा. कित्येक बँका खात्यात काही हजार दिरहम सरासरी शिल्लक ठेवण्याची अट घालतात व ती न पाळल्यास दरमहा शुल्क कापतात. समजा, हे शुल्क २५ दिरहम आहे. वर्षाकाठी ३०० दिरहम केवळ पैसे कमी होते म्हणून गेले. पगार जमा होणाऱ्या खात्यास ही अट बहुधा माफ असते. परंतु नोकरी सुटली की माफीही सुटते. जे सर्व पैसे घरी पाठवितात त्यांनी शिल्लकेची अट नसलेलेच खाते निवडावे.

दुसरा प्रश्न घरी पैसे पाठविण्याच्या खर्चाचा. येथे हुंडणावळ दोन ठिकाणी लागते. एक उघड शुल्कात आणि दुसरी विनिमयाच्या दरात. हिशेबापुरते उदाहरण घेऊ. एका कामगारास दरमहा ३,००० दिरहम पाठवावयाचे आहेत. बँक म्हणते, शुल्क नाही, दर २२.४० रुपये. विनिमयगृह म्हणते, शुल्क २० दिरहम, दर २३ रुपये. बँकेमार्फत घरी ६७,२०० रुपये पोहोचतील. विनिमयगृहातून २० दिरहम वजा जाऊन २,९८० दिरहमांचे ६८,५४० रुपये होतील. महिन्याला १,३४० रुपयांचा आणि वर्षाला १६,०८० रुपयांचा फरक पडला. नि:शुल्क हा शब्द ऐकून फसू नये. आपल्या हातून किती दिरहम गेले आणि घरी किती रुपये आले, एवढेच पाहावे.

दिरहमचा दर १९९७ पासून एका अमेरिकन डॉलरला ३.६७२५ दिरहम असा बांधलेला आहे. त्यामुळे रुपया डॉलरच्या तुलनेत जसा वरखाली होतो, तसाच तो दिरहमच्या तुलनेतही होतो. अर्ध्या पैशाच्या आशेने रक्कम महिनोन्महिने अडवून ठेवणे कुटुंबास परवडत नाही.

कर्ज व चेक यांबाबत सावधगिरी

वेतन खाते उघडताच कर्ज व क्रेडिट कार्ड देऊ करणारे प्रतिनिधी भेटू लागतात. मध्यवर्ती बँकेच्या २०११ च्या नियमावलीने वैयक्तिक कर्जास मासिक वेतनाच्या २० पट आणि परतफेडीस ४८ महिने अशी मर्यादा घातली, तसेच हप्त्यांची कपात वेतनाच्या निम्म्यावर जाऊ नये असे ठरविले. मर्यादा असली तरी तेवढे कर्ज काढलेच पाहिजे असे नव्हे. नोकरी गेली की निवास परवान्याची मुदत संपत येते, हप्ता मात्र थांबत नाही. पगार ज्या खात्यात येतो त्याच बँकेचे कर्ज असेल, तर नोकरीअखेर मिळणारी रक्कमही कर्जापोटी अडविली जाऊ शकते.

चेकच्या बाबतीतही काळजी घ्यावी. अमिरातीत घरभाडे पुढील तारखेच्या चेकने देण्याची प्रथा आहे. खात्यात रक्कम नसल्याने चेक न वटणे हा पूर्वी सरसकट गुन्हा होता. २ जानेवारी २०२२ पासून ही स्थिती बदलली व अशी प्रकरणे मुख्यतः वसुलीची मानली जातात. तथापि फसवणुकीच्या हेतूने दिलेला चेक आजही गुन्ह्यास पात्र आहे, आणि थकबाकीदारास देश सोडण्यास न्यायालय मनाई करू शकते.

विमानात बसलो की कर्ज मागे राहिले, हा समजही आता घातक ठरतो. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने काढलेल्या अधिसूचनेअन्वये अमिरातीच्या ठराविक दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची अंमलबजावणी भारतातील जिल्हा न्यायालयांमार्फत होऊ शकते. तेथील देणे येथील घरादारापर्यंत पोहोचू शकते, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

मायदेशातील खाते

परदेशातील बँकेची निवड मायदेशातील खात्यावाचून पुरी होत नाही. नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरते. तिने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवावयाचे नसते. बँकेस कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावयाचे असते. शेतीचे उत्पन्न, घरभाडे, निवृत्तिवेतन अशा भारतातील मिळकतीसाठी हे खाते असते व त्यावरील व्याज करपात्र आहे. परदेशातील मिळकतीसाठी एनआरई खाते उघडावे. त्यातील मुद्दल व व्याज विनासायास परदेशी नेता येते आणि अनिवासी असेपर्यंत त्या व्याजावर भारतात आयकर लागत नाही.

एनआरई खात्यावर येथील जवळच्या नातलगाचे नाव दुसरे म्हणून लावता येते, परंतु खातेदार हयात असेपर्यंत त्या नातलगास केवळ मुखत्यार म्हणूनच व्यवहार करता येतो. म्हणून मुखत्यारीचा कागद जाण्यापूर्वीच बँकेत देऊन ठेवावा. येथील बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या एकूण ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे. बँकेकडे नोंदविलेला मोबाइल क्रमांकही चालू ठेवावा. तो बंद पडला तर परवलीचा संदेश येत नाही आणि स्वतःचेच खाते स्वतःस परके होते.

कुटुंबासाठी

अप्रिय असला तरी एका प्रश्नाचा विचार केलाच पाहिजे. कमावत्या माणसाचे परदेशात निधन झाले तर काय? अमिरातीत मृत्यूची वार्ता कळताच बँक त्या व्यक्तीचे खाते गोठविते व न्यायालयाने वारस ठरवीपर्यंत रक्कम देत नाही. केवळ कार्ड व सांकेतिक क्रमांक घरच्यांना ठाऊक आहे म्हणून पैसे काढणे बेकायदेशीर ठरते. बिगरमुस्लिम रहिवाशांना दुबईत २०१५ पासून मृत्युपत्राची नोंदणी करण्याची सोय आहे. ज्यांची तेथे मोठी शिल्लक नाही त्यांच्यासाठी सोपा मार्ग हा की, तेथील खात्यात खर्चापुरतीच रक्कम ठेवावी व बचत नियमितपणे मायदेशी पाठवावी. येथील खात्यांवर वारसदारांचे नामनिर्देशन करता येते. नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नावे देण्याची मुभा आहे.

कोणत्या बँकेत कोणते खाते आहे, कर्ज आहे काय, विमा आहे काय, याची एक साधी नोंदवही घरी असावी. ती पत्नीस, पतीस किंवा आईवडिलांस वाचता येईल अशा भाषेत असावी. सांकेतिक क्रमांक मात्र त्यात लिहू नये.

तक्रार उद्भवल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे दाद न लागल्यास मध्यवर्ती बँकेने स्थापन केलेल्या सनदक या तक्रार निवारण यंत्रणेकडे जाता येते. दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रातही मार्गदर्शन मिळते. नोकरी सोडून परत येताना खाते तसेच टाकून येऊ नये. कर्ज व कार्ड यांचे देणे चुकते करून त्याचा दाखला घ्यावा आणि खाते रीतसर बंद करावे.

गावातील एखादा तरुण परदेशी निघतो तेव्हा तो शिक्षकांचा, ग्रामपंचायतीचा वा तलाठ्याचा निरोप घ्यावयास येतोच. त्या वेळी त्याला दोनच प्रश्न विचारावेत: तुझा पगार कोणत्या बँकेत जमा होणार? आणि येथील खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहेस? या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी असतील, तर घामाचा पैसा घरी सुखरूप पोहोचण्याची निम्मी तजवीज झाली असे समजावे.