तीन वाजता सावली कुठं पडते?

सोलापुरातल्या त्या घराच्या पश्चिमेच्या अंगणात चार वर्षांत अकरा झाडं मेली. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, त्यामुळे आकड्यात चूक नाही. एक्झोरा गेला, गुलाब गेले, नावाची पाटी अजून मातीत खोचलेला एक पामही गेला. दोनदा अंथरलेलं लॉन या अकरांत धरलेलं नाही. आणि त्याच कुंपणाबाहेर, बांधकामातून उरलेल्या मुरुमाच्या ढिगावर, तरवडाचं एक झुडूप मे महिन्यात हिरवंगार उभं होतं. त्याला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.

मालकांना त्या तरवडाचा रागच आला होता. त्या रागातच ते शहराबाहेरच्या एका लहानशा रोपवाटिकेत पोहोचले.

तिथलं काम बघणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं विणकर घर. अक्का स्वतः मात्र बरीच वर्षं विड्या वळायच्या. ती सवय बोटांत अजून आहे. काळ्या पिशवीत माती भरायची, अंगठ्यानं दाबायची, बी खोचायचं, पिशवी बाजूला. गप्पा मारतानाही हात थांबत नाही. कुठलं झाड हवं, हे त्यांनी विचारलंच नाही. "दुपारी तीनला सावली कुठं पडते तुमच्याकडं?" मालकांना सांगता येईना. "मग बघून या," म्हणाल्या. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवणारी रोपवाटिका विरळाच.

आठवडाभर मालक खुर्ची टाकून बसले. एक वाजता भिंतीची सावली संपते, ती थेट सूर्यास्तापर्यंत येत नाही. भिंत रात्री नऊलाही हाताला गरम लागते. पेव्हर ब्लॉकवर अनवाणी पाय ठेववत नाही. फक्त पाण्याच्या टाकीमागे चारनंतर जरा सावली असते. म्हणजे झाडांना नुसतं वरून ऊन लागत नव्हतं. ऊन, भिंत आणि फरशी मिळून त्यांना तीन बाजूंनी भाजत होते.

यादी त्यावरून ठरली. भिंतीलगत पाच तरवड. कोपऱ्यात पिवळी कोरांटी, काटेरी, कुत्री-मांजरांनाही दूर ठेवणारी. फाटकाजवळ निर्गुडी, कारण तिच्या उग्र वासाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. टाकीमागे पांढरा चित्रक. मोकळ्यावर एक आपटा, खराखुरा. दसऱ्याच्या बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात.

यादीतली सगळी झाडं देशी. पण देशी म्हणजे नेमकं काय, यावर मालकांनी घरी बरीच झाडाझडती घेतली आणि हिरमुसले. दारातला गुलमोहर आणि सदाफुली, दोघांचं मूळ मादागास्करचं. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. देवळाजवळचा पांढरा चाफा आणि हारातला झेंडू मेक्सिकोकडचे. ज्याच्याइतकं गावरान काही नसेल असं वाटतं, तो माळावरचा फड्या निवडुंगसुद्धा अमेरिकेतून आलेला. सदाफुली उपटावी का, असं त्यांनी विचारलं तेव्हा अक्का हसल्या. राहू दे म्हणाल्या, तिनं काय वाकडं केलंय तुमचं? ‘देशी’ची पाटी लावून दुप्पट भाव घेणाऱ्यांच्या गर्दीत हे उत्तर फार शहाणपणाचं वाटतं.

पण एका बाबतीत त्या ऐकत नाहीत. "दोन उन्हाळे," त्या बोटं दाखवून सांगतात. देशी झाडाला पाणी लागत नाही ही समजूत त्यांना अजिबात खपत नाही. कुंपणाबाहेरचा तरवड बिनपाण्याचा जगतो, कारण तो बियांतून तिथंच उगवला आणि त्याचं सोटमूळ सरळ मुरुमात उतरलं. पिशवीतल्या रोपाला ते करायला वेळ द्यावा लागतो. दोन उन्हाळे पाणी, तेही रोज शिंपडून नाही; चार-पाच दिवसांनी, पण खोलवर मुरेल असं. बुडाशी उसाचं पाचट. शेणखत मूठभर. मग सोडून द्या.

मालकांनी पुरुषभर उंचीचं एक रोप पसंत केलं होतं. अक्कांनी ते आडवं केलं आणि पिशवीचं बूड फाडून दाखवलं. आत मुळाचं वेटोळं, दोरीच्या बिंड्यासारखं. हे जमिनीत गेलं तरी गोलच फिरणार. त्यांनी वीतभर उंचीची पाच रोपं काढून दिली, स्वस्तातली.

तरवडाची साल चामडं कमावायला वापरत, एवढं मालकांना ठाऊक होतं. अक्कांच्या घरी मात्र हे झाड तंगेडू आहे. भाद्रपदातल्या अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्माचा सण चालतो. ताटात फुलांचे थर गोलाकार रचत निमुळता मनोरा करायचा आणि बायकांनी त्याभोवती फेर धरायचा. त्यात तंगेडू हवंच. तेलंगणाचं ते राज्यफूल आहे. पूर्व भागातल्या बायका पूर्वी ही फुलं आणायला माळावर जात. आता माळावर प्लॉट पडलेत. हे सांगताना अक्कांचा हात पहिल्यांदाच थांबला.

रोपवाटिकेच्या बांधावर एक जुना तरवड आहे. त्याच्या पिवळ्या फुलांत मध नसतो, फक्त पराग, आणि तेही टोकाला फक्त बारीक छिद्र असलेल्या परागकोशांत कोंडलेले. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. गुणगुण एकदम वरच्या पट्टीत जाते, पराग भुरभुरतात. मालक रोपं गाडीत ठेवायची सोडून ते बघत उभे राहिले.

लागवड मृगाच्या पावसावर झाली. पुढच्या मेअखेर पाचांतले चार तरवड टिकले. भिंतीच्या अगदी अंगाला लावलेला वाळला. मालकांनी वहीत बाराव्या झाडाची नोंद केली आणि पुन्हा रोपवाटिका गाठली.

"कितवा उन्हाळा?" अक्कांनी मान वर न करता विचारलं.

"पहिलाच."

त्यांनी या वेळी पिशवी दिलीच नाही. कागदाच्या पुडीत चार बिया बांधल्या. रात्रभर पाण्यात ठेवा, म्हणाल्या, आणि भिंतीपासून हातभर लांब.