कंदील आणि वारा

घाटकोपरच्या एखाद्या दुकानात जाऊन आज कोणी कंदील मागितला, तर दुकानदार बहुधा कागदाचा आकाशकंदील पुढे करील आणि दिवाळीला अजून अवकाश आहे, असेही वर सांगेल. त्यात त्याचा काही अपराध नाही. अरबीतील ‘किंदील’ ह्या शब्दावरून मराठीत आलेल्या ह्या शब्दाबरोबर दोन पिढ्यांपूर्वी काच, वात, घासलेटाची टाकी आणि हातात धरावयाची कडी एवढ्या वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहत. विजेच्या दिव्याने त्या वस्तू माळ्यावर चढविल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या वापरण्याची विद्याही माळ्यावर गेली.

वस्तू माळ्यावरून खाली काढता येते. विद्या तितक्या सहज निघत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्या रात्री उपनगरांतील कितीतरी वस्त्या अंधारात राहिल्या. पुढे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या अनेक खेड्यांत वीज परत येण्यास आठवडेच्या आठवडे लागले. घाटकोपरात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची मूळ घरे अशाच कोकणपट्टीत आहेत. गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुटीत ही मंडळी गावी जातात. अंगणात, गोठ्याकडे, विहिरीच्या वाटेवर दिवा लागतो. आणि मग जुन्या कंदिलाची आठवण होते. कंदील पेटतो, पण घटकाभरात काच काळी होते, वाऱ्याच्या झोतासरशी ज्योत फडफडते आणि ‘पूर्वीचे कंदील काही निराळेच होते’ असा उसासा ऐकू येतो. कंदील निराळे नव्हते. तो वापरणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती, ती आता विसरली गेली आहे, इतकेच.

ती गोष्ट अशी की, कंदील हे जितके तेलाचे, तितकेच हवेचे यंत्र आहे.

समई किंवा पणती वाऱ्याने विझते आणि कंदील मात्र टिकतो, ह्याचे कारण विचारले तर ‘त्याला काच असते’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. जळत्या पणतीवर पातेले पालथे घातले, तर वारा पूर्णपणे अडतो, पण पणतीही थोड्याच वेळात विझते. कारण ज्योतीला जळण्यास ताजी हवा पाहिजे आणि जळून निघालेल्या वायूला बाहेर जाण्यास वाट पाहिजे. म्हणजे वारा आत येऊ द्यावयाचा नाही, पण हवा मात्र आली पाहिजे, असा हा पेच आहे. जॉन आयर्विन नावाच्या अमेरिकन कल्पकाने १८७० च्या आगेमागे तो सोडविला, आणि न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीने त्या धर्तीचे कंदील जगभर पोहोचविले.

कंदिलाच्या दोन्ही अंगांना ज्या पोकळ नळ्या असतात, त्या केवळ काच सांभाळण्यासाठी आहेत असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या कंदिलाच्या श्वासनलिका होत. ज्योतीने तापलेली हवा काचेतून वर चढते व टोपीखालून बाहेर पडते. तिच्या जागी बाहेरची ताजी हवा टोपीच्या खालच्या भागातून नळ्यांत शिरते, नळ्यांतून खाली उतरते आणि वातीच्या भोवती येऊन ज्योतीला मिळते. हवा आत घेण्याची व बाहेर टाकण्याची अशा दोन्ही वाटा वरच्या बाजूला शेजारी-शेजारी असल्यामुळे वाऱ्याचा झोत आला, तर त्याचा दाब दोहोंवर जवळजवळ सारखाच पडतो. एकीकडून ढकलले आणि दुसरीकडून ओढले, असे होत नाही. वादळात कंदील टिकतो तो ह्या समतोलामुळे.

ह्यातही दोन जाती आहेत आणि निवड करताना त्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिल्या जातीत नळ्यांची तोंडे थेट काचेवरच्या टोपीत उघडतात. त्यामुळे जळून निघालेल्या गरम वायूचा काही भाग पुन्हा नळ्यांत शिरतो, ज्योतीला शिळी हवा मिळते आणि उजेड पिवळट व मंद पडतो; तेल मात्र कमी जळते. दुसऱ्या जातीत काचेच्या वर मधोमध एक धुराडे असते व त्याच्याभोवती ताज्या हवेसाठी वेगळा कप्पा असतो. नळ्या त्या कप्प्याला जोडलेल्या असतात. ह्या थंड हवेच्या कंदिलाचा उजेड पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो. अंगणात व वाटेवर वापरण्यासाठी हाच घ्यावा. रात्रभर एका कोपऱ्यात नुसती खूण म्हणून दिवा ठेवावयाचा असेल, तर पहिलाही चालेल.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर कंदिलाचे नाव ‘प्रभाकर’ ह्या नावापासून वेगळे करता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या हद्दीत, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभारला. त्याच्याभोवती वसलेले गाव ओगलेवाडी म्हणूनच ओळखले जाते. परदेशी कंदिलांनी बाजार भरलेला असताना ह्या कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील घरोघर नेला. प्रभाकर म्हणजे सूर्य. स्वदेशीच्या त्या दिवसांत नावाला साजेसाच मान त्याला मिळाला. कारखाना आता बंद झाला आहे. पण त्याचे कंदील अजूनही कोकणातल्या व घाटावरच्या माळ्यांवर सापडतात, आणि असा एखादा हाती लागला तर तो मोडीत घालण्यापूर्वी तपासून पाहावा.

तपासणी सोपी आहे. टाकीत प्रथम थोडे तेल घालून कंदील एक रात्र वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ठेवावा. सकाळी कागदावर डाग दिसला, तर टाकीला गंजाने सूक्ष्म भोके पडली आहेत किंवा डाखाचा सांधा सुटला आहे, असे समजावे. असा कंदील शोभेला ठेवावा, पेटवू नये. नंतर नळ्यांतून फुंकर मारून पाहावी. कोळ्यांची जाळी, कुंभारणीची माती अथवा गंजाचे पापुद्रे आत असल्यास हवा अडते. शेवटी चावी फिरवून वात सरळ वर-खाली होते की नाही, आणि काच बैठकीवर सर्व बाजूंनी नीट टेकते की नाही, हे पाहावे. नवा कंदील घेतानाही हीच परीक्षा करावी. रंगावर व चकाकीवर जाऊ नये.

आता तेलाचा प्रश्न. समईत गोडे तेल चालते, मग कंदिलात का नाही, अशी शंका साहजिक आहे. समईची वात तेलातच बुडालेली असते व ज्योत तेलाच्या अगदी जवळ जळते. कंदिलात तेलाला वातीतून बरेच अंतर वर चढावे लागते. गोडे तेल दाट असल्यामुळे ते चढत नाही, आणि वात कोरडी पडून स्वतःच जळू लागते. म्हणून दुकानात ‘दिव्याचे तेल’ म्हणून मिळणारी प्रत्येक बाटली कंदिलाच्या उपयोगाची नसते. तिच्यात पूजेचे तेल आहे की रॉकेलच्या जातीचे, हे वाचून घ्यावे. शिधापत्रिकेवर मिळणारे निळे रॉकेल आता जवळजवळ नाहीसे झाले आहे. खुल्या बाजारातील स्वच्छ, पाण्यासारखे निर्मळ रॉकेल घ्यावे. तेलात पाणी असेल तर ते तळाशी बसते, वातीत शिरते आणि ज्योत तडतडते.

पेट्रोल मात्र थेंबभरही त्यात जाता कामा नये. रॉकेलच्या वाफेने पेट घेण्यास ते साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत तापावे लागते. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटते. पेट्रोल मिसळलेले तेल टाकीत घालणे म्हणजे हातात स्फोटक घेऊन चालणे होय. पेट्रोलच्या डब्यात रॉकेल आणू नये, ते एवढ्यासाठीच.

वातीच्या बाबतीत सर्वात मोठा गैरसमज हा की, वात वाढविली म्हणजे उजेड वाढतो. ज्योतीचा पिवळा प्रकाश हा तिच्यात तापून लाल झालेल्या कोळशाच्या कणांचा असतो. पुरेशी हवा मिळाली, तर हे कण ज्योतीच्या कडेला पोहोचेपर्यंत जळून जातात. वात वाढविल्याने तेल अधिक येते, पण नळ्यांतून येणारी हवा तेवढीच राहते; न जळलेले कण काजळी होऊन काचेवर बसतात आणि उजेड उलट घटतो. अंधार वाटला म्हणून वात आणखी वाढवावी, तो काच आणखी काळी. अति तेथे माती, ही म्हण कंदिलाइतकी दुसऱ्या कोठे शब्दशः खरी ठरत नसेल. वात कात्रीने सरळ कापावी व दोन्ही कोपरे किंचित उतरवावेत. नवी वात घातल्यावर निदान अर्धा तास तेल मुरू द्यावे. पेटविल्यावर पहिली पाच-सात मिनिटे ज्योत लहान ठेवावी. धुराडे तापून हवेचा ओघ सुरू झाला, की मग ती हळूहळू वाढवून शेंडे न काढता सपाट राहील एवढीच ठेवावी. अशा रीतीने जळणारा फॉयरहँडसारखा लहान जर्मन कंदील सुमारे ३४० मिलिलिटर तेलात वीसएक तास चालतो.

काच दररोज पुसावी, पण ती थंड झाल्यावर, आणि कोरड्या मऊ फडक्याने किंवा चाळलेल्या राखेने. तापलेल्या काचेवर पागोळीचे पाणी पडले, की ती तडकते. म्हणून पावसात कंदील वळचणीच्या आत टांगावा. दिव्याखाली अंधार असतोच, कारण टाकीची सावली खाली पडते; म्हणून कंदील जेथे काम चालले असेल त्याच्या अगदी वर न टांगता थोडा बाजूला टांगावा. वाटेने चालताना तो डोळ्यांसमोर न धरता गुडघ्याच्या उंचीवर, शरीरापासून जरा दूर धरावा. डोळे दिपत नाहीत, आणि वाटेवरचा दगड किंवा जनावर वेळीच दिसते.

विझविताना वात खाली घेऊन काच थोडी उचलून फुंकर मारावी. वात इतकी खाली फिरवू नये की ती टाकीत पडेल. पेटलेल्या किंवा गरम कंदिलात तेल ओतू नये, आणि टाकी काठोकाठ भरू नये. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत किंवा तंबूत कंदील जळत ठेवून निजणे हे तर सर्वथा वर्ज्य. उघड्यावर ज्या हवेचा तुटवडा नसतो, ती बंद जागेत कमी पडते, आणि मग ज्योतीतून वास नसलेला, रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. झोपलेल्याला तो जागे करीत नाही.

शेवटची सूचना घरातील लहानांविषयी. रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवण्याची सवय फार घातक आहे. तहानलेले मूल रंग पाहून ते तोंडाला लावते. असे घडल्यास त्याला वांती करवू नये. वर आलेले तेल फुफ्फुसांत उतरते आणि खरी इजा तेथेच होते. मुलाला विनाविलंब इस्पितळात न्यावे. तेलाचा डबा वेगळा, झाकणाचा, नाव लिहिलेला आणि उंच फळीवर असावा.

कंदील काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावा, नाही तर न पेटवताही तेल वातीतून झिरपत राहते आणि धूळ धरते. आणि दरवर्षी ज्येष्ठ लागण्यापूर्वी एका संध्याकाळी तो गच्चीवर किंवा अंगणात, वारा असताना, मुद्दाम पेटवून पाहावा. घरातील मुलांनाही तेव्हा जवळ बसवावे, हवा कोठून येते व कोठे जाते ते दाखवावे आणि वात त्यांच्या हातून कापवावी. वीज गेल्यानंतर अंधारात ही विद्या शिकता येत नाही.