दापोलीची कोय आणि चार वर्षांची पदवी

दापोलीचे कृषी महाविद्यालय 1965 चे, आणि कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची. पुढे विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव मिळाले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ 1981 मध्ये आणि रत्ना-हापूस संकरातला, अगदी बारीक कोयीचा ‘सिंधू’ 1992 मध्ये याच विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या हाती दिला. हा अभिमानाचा इतिहास माहितीपत्रकात वाचायला मिळतो. पण इथल्या उद्यानविद्या महाविद्यालयात आठ सत्रे शिकून पदवी घेणाऱ्या मुलामुलींनी नेमके काय शिकून बाहेर पडावे, याचे उत्तर शोधायचे तर रोपवाटिकेत जाऊन कोय कलम बांधणारा हात बघावा. फळबाग, फुलशेती आणि उद्यानरचना हे तिन्ही विषय शेवटी एकच गोष्ट शिकवतात: वनस्पतीची वेळ ओळखणे. आणि आपली पदवीची चौकट नेमकी तिथेच कमी पडते.

पूर्वी कोकणात भेट कलमे बांधत. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत उचलून मांडवावर ठेवायचे, दोघांची साल तासून एकत्र बांधायची आणि दोन-तीन महिने पाणी घालत जपायचे. झाडाच्या फांद्या जितक्या हाताशी येतील, तितकीच कलमे. 1990 पासून रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले आणि कलमांची मागणी वाढली. ती या गतीने भागणारी नव्हती. कोय कलमाचे तंत्र विद्यापीठाने कोकणच्या हवेत पक्के बसवले, ते इथे कामी आले. रायवळ आंब्याची ताजी कोय पावसाळ्याच्या तोंडाशी रुजत घालतात. फार दिवस ठेवली तर तिची उगवणशक्ती जाते. रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस आणि देठ लुसलुशीत असतानाच त्याचा शेंडा छाटतात, उरलेल्या खोडाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर देतात आणि हापूसच्या तीन-चार महिन्यांच्या काडीला पाचरीचा आकार देऊन ती चिरेत बसवतात. काडीची पाने आठ-दहा दिवस आधीच छाटलेली असतात, म्हणजे तिचे डोळे फुगून तयार होतात. दोन्हींच्या सालीखालचा कॅम्बियमचा पातळ थर एकमेकांना भिडला पाहिजे. काडी रोपापेक्षा बारीक असेल तर निदान एका बाजूने तरी. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. रोप आठवडाभर जास्त वाढले, पट्टी सैल राहिली किंवा हवेतला दमटपणा गेला, की काडी सुकते.

यावर आक्षेप येतो की रोपवाटिकेतला कुशल माळी हे काम पदवीशिवाय करतो, आणि विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी भराभर करतो. खरे आहे. त्याच्या हाताचा वेग महाविद्यालयाने मान खाली घालून शिकावा. पण कलम जगले म्हणजे काम संपले असे नाही. काडी कोणत्या झाडाची, ते झाड दरवर्षी धरते का, त्याच्या फळात साका (गराचा पांढरट, खराब झालेला भाग) किती, याची नोंद नसेल तर चूक कळायला शेतकऱ्याला पाच-सहा वर्षे थांबावे लागते. दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या हेक्टरभर बागेत शंभर झाडे असतात. काडी चुकीची निवडली तर शंभरही झाडे एकाच दोषाची निघतात. इतक्या उशिरा लागणाऱ्या निकालाची जबाबदारी आधीच ओळखून घेणारा माणूस तयार करणे, हे पदवीचे काम आहे.

फुलांकडे आले की काळ एकदम आखडतो. जरबेऱ्याची दांडी कापत नाहीत. बुंध्याशी वाकवून ओढून काढतात, कारण मागे राहिलेला खुंट कुजतो. फुलाच्या मधल्या चकतीतल्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्यावरच ते काढायचे आणि दांडीचे कठीण टोक छाटून लगेच पाण्यात ठेवायचे. नाहीतर पाणी वर चढत नाही आणि मान लवते. पुष्परचनेत रंग-आकाराइतकेच हे ज्ञान लागते. उद्यानरचनेत उलट दशके मोजावी लागतात. विजेच्या तारांखाली लावलेला वर्षावृक्ष पंधरा वर्षांनी छाटून विद्रूप होतो, पदपथाकडेच्या गुलमोहराची उथळ मुळे फरशा उचलतात, आणि खोडाला भिडवून ओतलेले काँक्रीट झाडाचा श्वास कोंडते. नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा राज्यात 1975 पासून आहे. पण नकाशावर झाडाचे वर्तुळ काढतानाच चूक झाली असेल, तर कायदा ती कशी सुधारणार? रचना हे वास्तुविशारदांचे क्षेत्र, असे कोणी म्हणेल. पण रोप मोठे झाल्यावर किती जागा मागेल, हे सांगणारा माणूस त्या टेबलावर नसेल तर रेखाटन कितीही देखणे असो, बाग टिकत नाही.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. सत्र चार-पाच महिन्यांचे, झाडाचे वर्ष बारा महिन्यांचे. सामाईक प्रवेश परीक्षेनंतरची प्रवेशप्रक्रिया लांबली, तर पहिल्या वर्षाची मुले वर्गात येईपर्यंत कोय कलमाचा हंगाम सरलेला असतो. पुढे ज्या सत्रात तो विषय येतो त्यात बांधलेल्या कलमाचे गुण मिळतात. त्याच कलमाचे पुढच्या उन्हाळ्यात काय हाल झाले, हे कोणी विचारत नाही. अंतिम वर्षात ग्रामीण कार्यानुभव आणि अनुभवाधारित शिक्षण आहे, ते मोलाचे आहे. पण तोवर अनेकांचे लक्ष स्पर्धा परीक्षांकडे वळलेले असते. त्यात मुलांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. रोपवाटिका किंवा पुष्पगृह उभारायला भांडवल लागते, जमीन लागते, आणि घरचे लोक सुरक्षित पगाराची वाट बघत असतात.

झाडाचे वर्ष सत्रात बसवता येणार नाही, हा प्रशासनाचा आक्षेप रास्त आहे. सत्रे मोडण्याची गरजही नाही. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः बांधलेली कलमे पदवी मिळेपर्यंत त्याच्याच नावावर ठेवावीत, मेलेल्या कलमाचे कारण लिहून घ्यावे आणि त्या नोंदवहीला शेवटच्या सत्रात गुण द्यावेत. फुलांच्या टिकाऊपणाची आणि आवारातल्या एका कोपऱ्याच्या आराखड्याची नोंद त्याच वहीत यावी. याला नवी इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. आपली कृषी विद्यापीठे हे येत्या पावसाळ्यापासून करू शकतात, आणि त्यांनी ते करावे.