रिकामी फेरी टाळणारा लिलाव

माल पोहोचवून मालमोटार रिकामी परतते, तेव्हा डिझेल व चालकाचे श्रम वाया जातात. जाण्याचा माल एका वाहतूकदाराकडे व परतीचा दुसऱ्याकडे असला, तर दोघांच्याही वाट्यास एकेक रिकामी फेरी येते. गट-बोलीचा लिलाव हा यावरील एक उपाय होय.

या पद्धतीत सहकारी वाहतूकदार स्वतःस न परवडणारी कामे सामाईक यादीत ठेवतात व एकेका कामाऐवजी कामांच्या गटावर बोली लावतात. गट मिळाला तर संपूर्ण, अन्यथा मुळीच नाही. त्यामुळे परतीचे काम हुकण्याची धास्ती राहत नाही. १० कामांचेही १,०२३ गट संभवतात. म्हणून सर्वाधिक लाभदायक बोल्यांची निवड संगणकाद्वारे केली जाते आणि बचत सर्वांत वाटली जाते.

अमेरिकेतील सीअर्स कंपनीच्या वाहतूक शाखेने १९९३ मध्ये आपली मालवाहतुकीची कंत्राटे गट-बोलीने दिली, तेव्हा खर्चात सुमारे १३ टक्के बचत झाली. वाहतूकदारांच्या आपसांतील लिलावात मात्र खर्चाचा हिशेब प्रतिस्पर्ध्यास कळू नये, ही प्रत्येकाची रास्त अपेक्षा असते. तटस्थ मध्यस्थ व न्याय्य वाटणी यांवरच असे सहकार्य टिकू शकते.