आठवण पडद्यावर येताना

“आमच्या घरच्या हकीकतीवर एक चित्रपट निघेल!” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळाच. ताथवड्यात तर अशा हकीकतींना तोटा नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेली घरे आहेत, आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत व हिंजवडीच्या कचेऱ्यांत नोकरीसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन स्थिरावलेली बिऱ्हाडेही आहेत. आता प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे टिपणारे यंत्रही आले आहे. तेव्हा घरच्या आठवणींचा चित्रपट करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न केवळ चित्रपटवाल्यांचा राहिलेला नाही. तो तुमचा-आमचा झाला आहे.

आपल्या मराठीत याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेला चित्रपट 1953 साली आला, आणि 1954 साली राष्ट्रीय पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यालाच मिळाले. गुरुजी मात्र तो पाहावयास नव्हते. 1950 च्या जूनमध्येच ते गेले होते.

आता पुस्तकाची रचना आठवून पाहा. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. अशा 42 रात्री आहेत. म्हणजे पुस्तकात श्याम एक नव्हे, दोन आहेत. एक पालगडचा हट्टी, भित्रा, क्वचित चोरीही करणारा मुलगा. दुसरा, तो मुलगा आपणच होतो हे जाणून संकोचणारा, आईच्या आठवणीने गहिवरणारा प्रौढ. आमचे म्हणणे थोडक्यात हे, की आत्मकथनाचा प्राण या दुसऱ्या माणसात असतो. कॅमेऱ्याला मात्र सहज दिसतो तो पहिला.

पोहण्याची रात्र घ्या. श्यामला विहिरीची भीती वाटते. मुले पोहावयास जातात आणि हा घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, एवढाच तिचा हेतू. मागाहून तिचाच जीव कळवळतो. हा प्रसंग पडद्यावर आणावयाचा म्हटला तर मार दिसेल, रडणे ऐकू येईल, पाण्यात पडल्याचा आवाजही येईल. परंतु “तो मार म्हणजे माया होती, हे मला फार उशिरा उमगले,” ही जाणीव कोठे दाखवावयाची? ती विहिरीत नाही आणि मुलाच्या चेहऱ्यावरही नाही, कारण त्या दिवशी त्याला ती झालेलीच नव्हती. ती आली वीस वर्षांनी. ती वीस वर्षे वगळली, तर पडद्यावर उरते केवळ एक कडक आई आणि एक मार खाणारा पोर.

यावर चित्रपटाचा उपाय शब्दांत नसतो, माणसांच्या निवडीत असतो. अत्र्यांनी आईच्या भूमिकेसाठी वनमालाबाईंना घेतले. प्रेक्षक त्यांना ‘सिकंदर’ या 1941 च्या हिंदी चित्रपटातील देखणी नायिका म्हणून ओळखत होते. त्यांना कोकणातल्या गरीब घरच्या आईचे लुगडे नेसविणे हे धाडसच होते. पण जे प्रौढ श्याम पुस्तकात शब्दांनी सांगतो, ते आईने मारणाऱ्या हाताबरोबर डोळ्यांनी सांगावे लागते. तेवढी ताकद अभिनयात नसेल तर सगळेच फुकट. श्यामचे काम करणारे माधव वझे त्या वेळी लहान होते. पुढेही त्यांची ओळख ‘श्याम’ हीच राहिली. 2023 साली सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही मुद्दाम कृष्णधवल. त्यात ओम भुतकर यांनी प्रौढ साने गुरुजी उभे केले. म्हणजे आठवणाऱ्या माणसालाच त्यांनी पडद्यावर आणून बसविले. वाटा दोन, अडचण तीच.

ही अडचण आपल्या भाषेपुरती नाही. सातासमुद्रापलीकडे हवाई बेटांत लाटांवर फळीवर उभे राहून स्वार होण्याचा खेळ आहे. त्याला सर्फिंग म्हणतात. तेथील काउआई बेटावर बेथनी हॅमिल्टन नावाची मुलगी अशाच लाटांवर वाढली. आई-वडील आणि भाऊ, सारे घर या खेळाचे वेडे. 31 ऑक्टोबर 2003 रोजी शार्कने तिचा डावा हात तोडून नेला. तेव्हा ती 13 वर्षांची होती. महिना उलटण्यापूर्वी ती पुन्हा फळीवर उभी राहिली. 2004 साली तिचे आत्मकथन आले आणि 2011 साली ‘सोल सर्फर’ हा चित्रपट. त्यात बेथनीचे काम केले ॲनासोफिया रॉब या नटीने. तिच्या हातावर हिरवी बाही चढवून तो हात पुढे यंत्राच्या साहाय्याने चित्रातून पुसून टाकण्यात आला. परंतु एका हाताने लाटेवर उभे राहण्याचे काम खुद्द बेथनीनेच केले. हात नसल्याचे सोंग आणता येते, पण तो नसताना शरीराने शिकलेला तोल आणता येत नाही. आठवण सांगणारी व्यक्तीच तेथे पाण्यात उतरली.

आता या व्यवहाराची दुसरी, जरा जड बाजू पाहू. आठवण एकाची असते, पण तिच्यात माणसे अनेक असतात. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन 1970 साली पुस्तकरूपाने आले. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. त्यावरून श्याम बेनेगल यांनी 1977 साली ‘भूमिका’ काढला. त्यात स्मिता पाटील यांनी जी स्त्री साकारली तिचे नाव हंसा नाही, उषा आहे. साने गुरुजींनीही स्वतःस ‘श्याम’ म्हटले. ते नाव काही त्यांचे नव्हते. नाव बदलल्याने सत्य पातळ होते असे आम्हांस वाटत नाही. उलट घरातल्या इतरांना श्वास घेण्यापुरती जागा मिळते.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्हीही लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकलो. वडिलांनी वरून ढकलून दिले होते. ती आठवण आम्ही मोठ्या कौतुकाने लिहून काढली, आणि पुतण्याने तिचे दहा मिनिटांचे चित्र करावयाचे ठरविले. मजकूर वडील बहिणीला वाचून दाखविला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुला ढकललं ते तू लिहिलंस. मी काठावर उभी होते. मला कुणी पोहायला शिकवलंच नाही, ते कुठं आहे?” आम्ही निरुत्तर झालो. पन्नास वर्षे ती विहीर आम्ही आमची समजत होतो.

पुतण्याने शेवटी ते चित्र काठावरून घेतले. पाण्यात पडणारा मुलगा त्यात क्षणभरच दिसतो. बाकी सारा वेळ परकराचा घोळ मुठीत धरून खाली वाकून पाहणारी एक मुलगी दिसते. आमच्या लिखाणापेक्षा ते अधिक खरे उतरले, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या आजीच्या, वडिलांच्या आठवणी अवश्य टिपा. उशीर करू नका. ती माणसे कायमची नाहीत. परंतु यंत्र सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. ही आठवण सांगणारा आज कोण आहे आणि तेव्हा कोण होता? आणि त्या वेळी काठावर कोण उभे होते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की उरलेले काम कॅमेऱ्याचे. आधी मात्र घरातल्या सर्वांना एकत्र बसवून ऐकावे लागेल. आमच्या मते खरी कमाई त्या बैठकीचीच आहे. चित्रपट झाला तर उत्तमच.