नारोशंकराची घंटा

नाशिकला गोदावरीच्या काठी, पंचवटीच्या बाजूला, काळ्या दगडाचे एक जुने देऊळ आहे. आत महादेव आहे, त्याचे नाव रामेश्वर. पण सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधले, म्हणून लोक त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणतात. देवळाच्या पुढच्या भिंतीवर एक भली मोठी घंटा टांगली आहे.

ही घंटा आली कुठून? तिच्यावर इंग्रजी आकड्यांत साल आहे, १७२१. आता आपण हिशोब करू. देऊळ १७४७ चे, घंटा १७२१ ची. म्हणजे घंटा देवळाहून २६ वर्षांनी थोरली! ती या देवळासाठी ओतलेलीच नाही.

मग कशासाठी ओतली? त्यासाठी वसईला जायला हवे. १५३४ पासून वसईवर पोर्तुगीजांचे राज्य होते. तिथल्या किल्ल्यात मोठमोठी चर्चे होती. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनेचे ठिकाण. तेव्हा घरोघर घड्याळे कुठली? चर्चच्या घंटेचा टोल पडला, की लोकांना प्रार्थनेची वेळ कळे.

१७३९ साली थोरल्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी वसईला वेढा दिला. लढाई मोठी झाली. दोन्हीकडची पुष्कळ माणसे पडली. शेवटी मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. तेव्हा चर्चमधल्या घंटा काढून आणल्या, आणि पुढे त्या देवळांत लागल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे, वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७. पाहिलंत ना? सगळी साले १७३९ च्या आधीची.

घंटेचा धातू म्हणजे आपले कासे. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. घरातली काशाची वाटी वाजवून पाहा, कसा खणखणीत नाद निघतो! असा धातू वितळवून त्या काळी तोफाही ओतीत. पण या घंटा वितळवल्या नाहीत. म्हणून आज आपल्याला त्या दिसतात.

१८७२ साली गोदावरीला मोठा पूर आला. पाणी या घंटेपर्यंत चढले होते. तरी घंटा जागची हलली नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आपल्याला ही विजयाची खूण वाटते. पण वसईच्या ख्रिस्ती लोकांची ती प्रार्थनेची घंटा होती. ते लोक परके नव्हेत. आजही ते वसईत राहतात, आपल्यासारखेच मराठी बोलतात. घंटा तिथेही देवाच्या दारी होती, इथेही देवाच्या दारीच आहे.

नाशिकला गेलात तर ही घंटा जरूर पाहा. आणि आपल्या गावच्या देवळावर, मशिदीवर, विहिरीवर, वेशीवरही एखादे साल कोरलेले असेल. आजवर आपण त्याच्यासमोरून नुसते जात होतो. आता थांबा आणि वाचा. आता आपल्याला वाचता येतं!