अक्षर एक, संकेतांक दोन

संगणकाच्या पडद्यावर अक्षर दिसते. त्याच्या स्मृतीत मात्र असतो केवळ एक संकेतांक. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रमाणकाने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीची मांडणी आधारभूत मानली. प्रत्येक लिपीस १२८ स्थाने मिळाली आणि सारख्या उच्चारांच्या अक्षरांना शक्यतो सारखेच स्थान लाभले. त्यामुळे देवनागरीतील ‘न’ आणि बेंगळुरूच्या फलकांवरील कन्नड ‘न’ आपापल्या कोष्टकात एकाच क्रमांकावर आहेत.

या व्यवस्थेत कन्नडच्या एका जुन्या अक्षरावर मात्र अन्याय झाला. ‘तमिळ’ या शब्दाचा तमिळ भाषकांच्या मुखी येणारा अंत्य उच्चार दर्शविणारे हे अक्षर प्राचीन कन्नडात होते. आधुनिक कन्नडात ते लोप पावले. युनिकोडमध्ये त्याची नोंद चुकून ‘फ’ या उच्चाराच्या नावाने झाली. एकदा दिलेले नाव बदलायचे नाही, हा तेथील नियम. कारण जगभरातील आज्ञावली त्या नावावर विसंबून असतात. म्हणून मूळ नाव तसेच ठेवून शेजारी शुद्ध पर्यायी नाव जोडण्यात आले.

मराठीचा अनुभव याहून निराळा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही तेवढेच अंतर! हा अर्धा ‘र’ लिहिण्यासाठी मराठीने ‘ऱ’ या संकेतांकाचा आश्रय घेतला. हे स्थान खरे तर द्राविडी भाषांतील कठोर ‘र’ देवनागरीत उतरविण्यासाठी राखलेले होते. दक्षिणेकडील उच्चारासाठी ठेवलेली जागा अशी मराठीच्या उपयोगी पडली.

मात्र हाच अर्धा ‘र’ दुसऱ्या मार्गानेही उमटतो : साधा ‘र’, त्यास हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी. संगणकास मात्र ती भिन्न वाटतात. बँकेच्या दृष्टीने प्रश्न उद्भवतो तो येथे. ‘कऱ्हाडकर’ किंवा ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका नोंदीत एका रीतीने व दुसरीत दुसऱ्या रीतीने लिहिले गेले, तर शोध घेताना नाव समोर असूनही सापडत नाही आणि ग्राहकास विनाकारण खुलासे द्यावे लागतात.

उपाय साधा आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो. त्यानंतर हलन्त व पुढील अक्षर द्यावे. सर्व नोंदींत हीच एक रीत पाळावी. नाव ही ग्राहकाची पहिली ओळख होय. ती पडद्यावर जशी शुद्ध दिसते, तशीच पडद्यामागेही असावी.